अपिकोरोस, खवय्या आणि शौकीन : खाण्यापिण्याच्या हौशीचे आपले शब्द



पेसाखनंतरच्या शब्बाथांना दुपारी आपण पिर्के आवोथ वाचतो. त्याच्या दुसऱ्या अध्यायात रब्बी एलाझार बेन अराख बजावतात की अपिकोरोसला काय उत्तर द्यायचं ते नीट शिकून ठेवा. मिशनाच्या सान्हेद्रिन भागात तर येणाऱ्या जगात ज्यांना वाटा नाही अशांच्या यादीत हा अपिकोरोस बसलेला आहे. म्हणजे आपल्या लेखी अपिकोरोस हा पाखंडी, धर्म न मानणारा. आता इंग्रजीत 'एपिक्यूर' कोणाला म्हणतात बघा. ज्याला उत्तम जेवणाची, उत्तम वाइनची पारख आहे अशा माणसाला! शब्द एकच, मूळ माणूसही एकच. एका भाषेत तो देवाला नाकारणारा झाला, दुसऱ्या भाषेत जेवणाची चव घेणारा झाला.

तो माणूस म्हणजे ग्रीक तत्त्वज्ञ एपिक्यूरस. इ.स.पूर्व ३४१ मध्ये सामोस बेटावर जन्मला, पुढे अथेन्समध्ये बाग घेऊन तिथे शिष्यांना शिकवू लागला आणि इ.स.पूर्व २७० मध्ये वारला. त्याच्या बागेत बायकांना आणि गुलामांनाही प्रवेश होता, ही त्या काळी मोठी गोष्ट. देव आहेत, पण माणसांच्या भानगडीत ते पडत नाहीत, असं तो सांगे. आपल्या ऋषींना, म्हणजे हाखामीमना, त्याचा राग का आला हे यावरून कळतं. सुख हेच आयुष्याचं ध्येय, असंही तो म्हणे, आणि लोकांनी नेमकं तेवढंच उचललं. त्याचं स्वतःचं जेवण काय होतं? साधी भाकरी आणि पाणी. मित्राला लिहिलेल्या पत्रात त्याने चीजचं एक लहान मडकं मागितलं होतं, कधी मनात आलं तर मेजवानी करता यावी म्हणून. चीजचं मडकं म्हणजे त्याची मेजवानी! दुसऱ्या एका पत्रात तो स्पष्ट लिहितो की सुख मद्याच्या बैठकींत किंवा माशांनी भरलेल्या पंगतींत नाही, ते शांत डोक्याने विचार करण्यात आहे. (माशांच्या बाबतीत कोकणातल्या माणसाला हे पटणं कठीण, पण ते असो.)

मराठीत याच्यासाठी एक नामी शब्द आहे : चैन. 'चैन पडत नाही' म्हणतो तेव्हा चैन म्हणजे जिवाची शांती. 'चैन करतो' म्हणतो तेव्हा चैन म्हणजे उधळपट्टी. एपिक्यूरसने पहिली चैन शिकवली आणि जगाने त्याच्यावर दुसरीचा आरोप ठेवला. हिंदुस्थानात चार्वाकांचंही असंच झालं. कर्ज काढा पण तूप प्या असं सांगणारे, एवढीच त्यांची ओळख उरली, कारण त्यांचे स्वतःचे ग्रंथ नाहीसे झाले आणि त्यांच्याबद्दल आपल्याला जे कळतं ते बहुतेक विरोधकांच्या पुस्तकांतून.

रामबामनी मिशनावरच्या आपल्या टीकेत अपिकोरोस हा शब्द अरामी मानला आहे आणि त्याचा अर्थ तोरेला किंवा तोरेच्या पंडितांना तुच्छ लेखणारा असा दिला आहे. ग्रीक एपिक्यूरस त्यांना माहीत नव्हता असं नाही, 'मोरे नेवूखीम'मध्ये त्यांनी त्याचा उल्लेख केला आहे. पण यहुदी कानाला अपिकोरोसमध्ये 'हेफ्केर'चा, म्हणजे बेवारशीपणाचा, आवाज ऐकू येतो आणि तो काही केल्या जात नाही. शब्द एकदा कानात बसला की असाच बसतो.

आता आपल्या मराठीकडे येऊ. इथे इस्रायलमध्ये आपल्या नातवंडांजवळ या बाबतीत दोन-तीनच शब्द आहेत, आणि आपल्याजवळ पोतंभर. ते सगळे एका अर्थाचे नाहीत, म्हणून ते नीट वेगळे करून ठेवावेत असं मला वाटलं.

खवय्या हा शब्द गवय्यासारखा बनला आहे. गातो तो गवय्या, खातो तो खवय्या. पण नुसतं तोंड उघडलं म्हणजे कोणी गवय्या होत नाही, तसंच खवय्याचं आहे. खवय्या किती खातो याला महत्त्व नाही. तो दाद देतो, 'आज आमसूल जरा पुढे आलंय' असं ओळखून सांगतो आणि करणाऱ्या हाताला विचारतो, 'यात काय घातलंस गं?' म्हणून खवय्या घरी आला की बाई वैतागत नाही, उलट पदर खोचते. खादाड आला की मात्र ती भाताच्या पातेल्यात डोकावते. खादाडला पोट आहे, जीभ नाही. अधाशी त्याहून वाईट, त्याचे डोळे दुसऱ्याच्या ताटावर. हावरटाचं तसंच, फक्त त्याचा हावरटपणा पैशाअडक्यालाही लागू होतो. बकासुराला तर गाडाभर अन्न आणि वर माणूस लागायचा, पण लग्नाच्या पंगतीत हे नाव कोणालाही प्रेमाने चिकटतं. चटोर वेगळा. त्याला जेवण नको असतं, चट लागलेली असते, मधल्या वेळेला काहीतरी आंबट-तिखट पाहिजे. आणि ज्याचे 'जिभेचे चोचले' घरात पुरवले जातात त्याला नाव नाही, पण तो प्रत्येक घरात एक असतो.

क्रियापदांवरूनही माणूस ओळखता येतो. चाखणारा, ताव मारणारा, आडवा हात मारणारा, भुरके मारणारा, ओरपणारा, हादडणारा, गिळणारा. आई रागावली की 'जेव' नाही म्हणायची, 'गिळ आता' म्हणायची. हिब्रूत मला एवढ्या पायऱ्या सापडत नाहीत. मुलं सगळ्याला 'ओखेल' म्हणतात आणि मोकळी होतात.

काही शब्द मात्र असे आहेत की जे आपण कोकणातून घेऊन आलो आणि इथे आल्यावर त्यांचे भाऊबंद भेटले. मराठीत मजा आहे, ती फारसी 'मजे'वरून आली, आणि त्या शब्दाचा अर्थच चव. तोच शब्द तुर्की वाटेने फिरून इथल्या हॉटेलांत मेझे झाला आहे. जेवणाआधी टेबलावर त्या दहा-बारा छोट्या बशा मांडतात ना, त्या म्हणजे आपली मजा. कैफ बघा. आपल्याकडे कैफ म्हणजे नशा, आणि भला माणूस तो शब्द जपून वापरतो. इथे पाच वर्षांचं पोर बागेतून येऊन सांगतं, 'हाया केफ!' मूळ अरबी शब्द तोच. पहिल्यांदा ऐकल्यावर आमच्या पिढीतले कितीतरी आजी-आजोबा दचकले होते. ऐश म्हणजे अरबीत जगणं, आणि मिसरी लोक भाकरीलाच ऐश म्हणतात. मिसरहून आलेली शेजारीण असेल तर विचारा. आपण मात्र भाकरीला वगळून ऐश करायला निघालो. लज्जतही तिकडचीच. हौस हा मूळ अरबी 'हवस', म्हणजे वेड, झपाटलेपण. हिंदीत तो वाईट अर्थाकडे गेला, मराठीत गोड झाला. हौसेने केलेली करंजी, हौसेने घेतलेलं लुगडं, हौशी माणूस. मराठीने एखादा शब्द धुऊन स्वच्छ केला असेल तर तो हा.

आणि शौकीन. याच्याबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण या एका शब्दावाचून आमच्या घरात एक माणूस दुखावलं गेलं.

माझे मोठे दीर वारले. त्यांच्या श्लोशीमला त्यांचा नातू उभा राहिला आणि हिब्रूत आजोबांबद्दल बोलला. प्रेमाने बोलला, पोराच्या डोळ्यात पाणी होतं. म्हणाला, माझे साबा खरे 'नेहनतान' होते. नेहनतान म्हणजे सुख घेणारा, उपभोग घेणारा, आणि बोलण्यात त्याला थोडा टोमण्याचा वास आहे. आमच्या जाऊबाईंचं हिब्रू बाजारापुरतं. शेजारी बसलेल्या कोणी त्यांना कानात सांगितलं, 'चैनी म्हणाला'. त्या संध्याकाळी त्या काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी मला फोन केला. 'तीस वर्षं ह्या माणसाने रात्रपाळी केली. घरात चार पोरं. आणि चैनी?'

आता दीर कसे होते ते सांगते. शर्टाला स्वतः इस्त्री करणार, कडक. कानात अत्तराचा फाया. रामलेच्या बाजारात जाऊन मासा घेणार तर डोळा बघून, कल्ला उघडून, बोटाने दाबून, आणि नाही पसंत पडला तर रिकाम्या हाताने घरी. लावराक आणि दनीस त्यांनी शेवटपर्यंत मासे मानले नाहीत. 'तलावात पोसलेली पोरं' म्हणायचे. नाट्यसंगीताच्या कॅसेटी होत्या, त्या लावल्या की घरात कोणी भांडं वाजवायचं नाही. पैसा कधी उडवला नाही, उडवायला नव्हताच. असा माणूस चैनी नव्हे, विलासी नव्हे, रंगेल तर नव्हेच. खुशालचेंडूही नव्हे, खुशालचेंडूला उद्याची काळजी नसते आणि यांना चार पोरांची होती. असा माणूस शौकीन.

त्या नातवाला मी बसवून हे समजावलं. शौक हा अरबी शब्द, त्याचा अर्थ ओढ, आस. बायबलच्या हिब्रू कोशांत 'तेशुका' या शब्दाशी त्याची तुलना केलेली आढळते, आणि तेशुका तर बेरेशीथच्या तिसऱ्या अध्यायातच भेटतो. शौकिनाजवळ वस्तू असेलच असं नाही, त्याला तिची ओढ असते, आणि ती आली की तिचा मान राखता येतो. पोरगा हुशार. म्हणाला, 'सावता, मग नेहनतान म्हणजे ज्याला मिळतं तो, आणि शौकीन म्हणजे ज्याला कळतं तो?' मी म्हटलं, जवळजवळ. वर्षाच्या अझकारेला त्याने हिब्रू अक्षरांत 'शौकीन' लिहून आणलं आणि वाचून दाखवलं. जाऊबाई तेव्हा हसल्या.

रसिक हा या सगळ्यांचा थोरला भाऊ. रस म्हणजे आधी झाडाफळांचा रस, मग जिभेवरचे सहा रस, मग नाटक-गाण्यातले रस. भरताच्या नाट्यशास्त्राच्या सहाव्या अध्यायात नाटकाचा रस समजावताना उदाहरण दिलंय ते जेवणाचंच. नाना मसाल्यांनी सिद्ध केलेलं अन्न जाणकार माणूस चवीने जेवतो आणि आनंदतो, तसा प्रेक्षक भावांचा आस्वाद घेतो. म्हणजे नाटक बघणं समजायला आधी नीट जेवता यायला हवं! हिब्रूतला 'ताअम' असाच प्रवासी शब्द आहे. ताअम म्हणजे चव, ताअम म्हणजे कारण किंवा अर्थ, आणि तोरा वाचताना ज्या खुणांवरून आपण चाल लावतो त्याही तेआमीम. चव, अर्थ आणि सूर या तिन्हींना एकच शब्द. उत्तम पारख असलेल्याला इथे 'अनीन ताअम' म्हणतात, आणि रसिकाला त्यातल्या त्यात जवळचा शब्द हाच.

दर्दी हा शब्द माझा फार आवडता. दर्द म्हणजे दुखणं. मराठीत गाण्याचा दर्दी म्हणजे ज्याला सूर लागला तर आनंदाने आणि चुकला तर खरोखरच दुखतं असा. भोग शब्दातही असा दुहेरी पीळ आहे, भोग म्हणजे उपभोग आणि 'माझ्या नशिबाचे भोग' म्हणजे हाल.

चोखंदळ हा मराठीत कौतुकाचा शब्द. चोखंदळ ग्राहक, चोखंदळ वाचक, दुकानदारसुद्धा जाहिरातीत त्याला मान देतो. इथे त्याला 'बररान' म्हटलं की तक्रार झाली, पोर भाजी बाजूला काढतं तेव्हाचा तो शब्द. 'इस्तेनिस' मात्र वेगळा. तो ग्रीकमधून आला, मूळ अर्थ अशक्त, आणि हिब्रूत झाला नाजूक प्रकृतीचा, किळस लवकर येणारा. दुसऱ्याच्या पेल्यातलं पाणी पिणार नाही असा. पण मिशनाच्या बेराखोथमध्ये याच शब्दाची गोष्ट आहे ती हळवी आहे. राब्बान गमलिएल यांची बायको वारली आणि त्याच रात्री त्यांनी स्नान केलं. शिष्यांनी विचारलं, सुतकात स्नान नाही असं तुम्हीच शिकवलंत ना? ते म्हणाले, मी इतरांसारखा नाही, मी इस्तेनिस आहे. म्हणजे नाजूकपणा हा नखरा नसून काहींची ती गरज असते, हे आपल्या मोठ्या लोकांनी तेव्हाच मानलं होतं. घरात एखादी म्हातारी दुसऱ्याचा टॉवेल वापरत नसेल तर तिला नावं ठेवू नका.

तोरेत खवय्ये आहेत का? आहेत तर! इझहाक आवीनू. म्हातारपणी आशीर्वाद देण्याआधी त्यांनी मुलाकडे काय मागितलं? आवडीचे 'मतअमीम', चविष्ट पदार्थ, तेही शिकारीच्या मांसाचे. आणि रिवका सुगरण इतकी की तिने घरच्या दोन करडांपासून तसंच कालवण करून पाठवलं आणि इझहाकना फरक कळला नाही. म्हणून त्यांना मी खवय्या म्हणते, दर्दी म्हणत नाही. डोळे गेले होते, कबूल, पण जीभ?

दुसऱ्या बाजूला बमिदबारचा अकरावा अध्याय. रानात मान मिळत असूनही मिसरातल्या माशांची, काकड्यांची, कलिंगडांची, कांद्या-लसणीची आठवण काढून रडणारे आपले लोक. मांसासाठी हपापले, लावे पक्षी आले आणि त्या जागेचं नाव पडलं किव्रोथ हत्ताआवा, वासनेच्या कबरी. द्वारीममध्ये बिघडलेल्या मुलाला 'झोलेल वेसोवे' म्हटलंय, खादाड आणि दारुडा. रामबान यांनी तर कडक इशारा दिला आहे : सगळं कोशेर खाऊनही माणूस हावरट राहू शकतो, तोरेची परवानगी घेऊन नीच होऊ शकतो.

पण एवढंच वाचून उपाशी बसू नका. येरुशलमी तलमूदमध्ये किद्दूशीनच्या शेवटी सांगितलंय की डोळ्यांनी पाहिलं आणि खाल्लं नाही अशा प्रत्येक चांगल्या गोष्टीचा माणसाला हिशोब द्यावा लागेल. रब्बी एलाझार म्हणून होते, ते गरीब. या वचनासाठी पैसा पैसा साठवत आणि वर्षातून एकदा तरी प्रत्येक प्रकार खात. बाव्ली तलमूदच्या ताअनीथमध्ये नाझीराला पापी म्हटलंय, का तर त्याने वाइन सोडून जिवाला त्रास दिला. यशायाहूने शब्बाथला 'ओनेग', म्हणजे आनंद, म्हणायला सांगितलं आणि आपल्या आज्या-पणज्यांनी त्याचा अर्थ चुलीपाशी लावला. काळ्या मनुकांचं शरबत किद्दुशला, नारळाच्या दुधातलं मटण (दुधाला दूध नाही आणि चवीला कमी नाही), मलिद्याला पोहे, गूळ, खोबरं आणि फळं. आपल्या सणांची जुनी नावंसुद्धा बघा : खिरीचा सण, बिरड्याचा सण. तिशा बेआवचा उपास, त्यालाही आपल्या लोकांनी नाव दिलं ते उपास सोडताना खाल्लेल्या वालाच्या बिरड्याचं. अशा समाजाला खवय्या नाही म्हणायचं तर कोणाला?

आता एक खटकणारी गोष्ट. खवय्याला स्त्रीलिंग नाही. 'खवय्यी' असं मी आयुष्यात कोणाला बोलताना ऐकलं नाही. बाईसाठी आहे तो सुगरण, सुगृहिणीवरून आलेला म्हणतात, आणि सुगरण म्हणजे करणारी, वाढणारी. चवीने खाणाऱ्या पुरुषाला खवय्या म्हणून मान, आणि चवीने खाणाऱ्या बाईला काय? चटोर. खादाड. 'जीभ फार चालते हिची.' जी उत्तम करते तिला उत्तम कळत नसेल का? आपल्या शास्त्रात तर शुक्रवारी शब्बाथचं जेवण शिजताना चाखून बघण्याचा रिवाजच आहे. त्या चाखणीवर सगळ्या घराचं जेवण उभं राहायचं, आणि चाखणारीला शब्द नाही.

शौकीन आणि दर्दी या दोन शब्दांना मात्र लिंग नाही, ते बाईलाही चालतात. माझी आई सगळ्यांच्या मागून जेवायची, चुलीपाशी, पाटसुद्धा न घेता. रावस आणला की तुकड्या आमच्या आणि डोकं तिचं. आम्हाला वाटे, उरलं म्हणून खाते. गालातलं ते मऊ मांस, कल्ल्याजवळची चरबी, कधी नशीब असेल तर तव्यावर थोड्या तेलात भाजलेली गाबोळी. सावकाश, काटा काटा बाजूला ठेवून. एकदा आत्या म्हणाली, 'वहिनी चटोर आहे हो.' आई हसली, बोलली नाही. नारळाचं दूध पहिलं की दुसरं, आमसूल या वर्षीचं की गेल्या, हे ती नुसत्या वासावर सांगायची, आणि कालवण बिघडलं तर रात्रभर तिला चैन पडत नसे.